पूर्वावलोकनाचे प्रामाण्य : पोथ्यांची रॉ छायाचित्रे आणि पाठनिर्णय

१

प्राचीन मराठीचा अभ्यास आजही मुख्यतः पोथ्यांवर आणि कोरीव लेखांवर उभा आहे. यादवकालीन भाषेची विभक्तिरूपे, तिची लिंगव्यवस्था, तिच्या क्रियापदांचे प्रत्यय यांविषयी व्याकरणकार जी विधाने करतो त्यांचे अंतिम प्रमाण म्हणजे कागदावरील शाईची किंवा दगडावरील छिन्नीची खूण होय. ही खूण अभ्यासकाच्या डोळ्यांपर्यंत कोणत्या मार्गाने पोचते, हा प्रश्न यास्तव केवळ तंत्रज्ञाचा राहत नाही. तो प्रमाणविचाराचा प्रश्न बनतो आणि त्याचे उत्तर भाषेच्या अभ्यासकालाच द्यावे लागते.

भारतीय लेखविद्येत हा प्रश्न एकदा उपस्थित होऊन गेलेला आहे. कनिंगहॅम यांनी १८७७ मध्ये अशोकाच्या लेखांचा खंड प्रसिद्ध केला तेव्हा त्यातील प्रतिकृती हाताने रेखाटून शिळाछापावर छापलेल्या होत्या. रेखाटणारा हात कितीही कुशल असला तरी तो दगडावर जे आहे त्याबरोबर आपल्याला जे दिसले असे वाटते तेही उतरवतो. फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्तकालीन लेखांचा खंड काढताना यांत्रिक रीतीने घेतलेल्या ठशांचा आग्रह धरला, तो याच कारणाने. पुढे नागपुरात राहून म. म. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे जे संपादन केले आणि जे १९६३ मध्ये खंडरूपाने प्रसिद्ध झाले, त्यामागे ठशावरून वाचन करण्याची हीच शिस्त उभी होती. त्याच वर्षी डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने काढला. विदर्भातील आणि उर्वरित महाराष्ट्रातील अभ्यासकांना ठसा म्हणजे काय आणि त्याचे गुणदोष कोणते, हे त्यामुळे चांगले परिचित आहे.

ठशाचा एक गुण मात्र इतका स्वाभाविक मानला गेला की त्याची वेगळी नोंद घेण्याची गरज कोणास भासली नाही. ओला कागद दगडावर बसवून, तो ब्रशाने ठोकून, त्यावर शाई फिरवून घेतलेला ठसा हा नेहमी मूळ लेखाच्या आकाराचाच असतो. दगडावरील एक बोट रुंदीचे अक्षर कागदावरही एक बोट रुंदीचेच उमटते. ठसा कमीअधिक स्पष्ट असेल, शाई फुटलेली असेल, पण आकाराच्या बाबतीत तो फसवू शकत नाही. ठशाची आणि पोथीपुढे बसून केलेल्या वाचनाची जागा आज बव्हंशी पडद्यावरील छायाचित्राने घेतली आहे. आणि पडद्यावरील छायाचित्रास नेमका हाच गुण नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, रॉ छायाचित्राचे संस्करण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जे पूर्वावलोकन, म्हणजेच प्रिव्ह्यू, दिसते त्याला ठशाचे प्रामाण्य देता येत नाही. तो मूळ नोंदीचा एक पाठ असतो, आणि तोही घाईने सिद्ध केलेला पाठ असतो. पोथीतील पाठाचा निर्णय त्यावरून करणे हे संपादनशास्त्राच्या दृष्टीने सदोष आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल, कारण या क्षेत्रातील गैरसमजांपैकी निम्मे संज्ञांतूनच निर्माण झालेले आहेत. ‘रॉ’ या शब्दाचे ‘कच्चे’ असे भाषांतर सहज केले जाते. मराठीत कच्चा मसुदा, कच्ची नोंद, कच्चा हिशेब या प्रयोगांत ‘कच्चे’ म्हणजे पुढे पक्के झाल्यावर टाकून द्यावयाचे. पक्का मसुदा हाती आला की कच्च्याचे प्रयोजन संपते. रॉ फाइलची स्थिती याच्या अगदी उलट आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश पडला त्या क्षणी झालेली ती मूळ नोंद असते, आणि तिच्यातून सिद्ध केलेले प्रत्येक चित्र हे तिचे दुय्यम रूप असते. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर रॉ फाइल ही कीर्द होय आणि तयार चित्र ही खतावणी. खतावणीबद्दल संशय आला तर कीर्द उघडावी लागते. म्हणून कीर्द जपून ठेवतात. ‘कच्चे’ या शब्दाने हा क्रम डोळ्यांआड होतो, आणि तयार चित्रे सुरक्षित ठेवून रॉ फाइली जागेच्या अभावी पुसून टाकण्याची प्रवृत्ती वाढते.

दुसरी संज्ञा ‘पूर्वावलोकन’. संगणकाच्या मराठीकरणात ती आता रूढ झाली आहे. ‘अवलोकन’ म्हटले की अवलोकनाचा विषय आधीच सिद्ध आहे असे गृहीत धरले जाते. रॉ फाइलीच्या बाबतीत तसा विषयच अस्तित्वात नसतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ब्राइस बायर यांनी कोडॅक कंपनीत असताना योजलेली रंगगाळणीची जाळी असते. तिचे पेटंट १९७६ चे आहे. या जाळीत निम्मी घरे हिरव्या गाळणीची, पाव घरे तांबड्या आणि पाव घरे निळ्या गाळणीची असतात. प्रत्येक घर एकाच रंगाची तीव्रता मोजते. म्हणजे कोणत्याही एका बिंदूपाशी तीन रंगांपैकी एकच मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजारच्या घरांवरून अनुमानाने भरावे लागतात. या रंगपूर्तीस डिमोझेइकिंग म्हणतात. तिच्या अनेक रीती आहेत आणि एकाच फाइलवर त्या लावल्या तर बारीक रेषांच्या कडा थोड्या थोड्या भिन्न निघतात. त्यानंतर श्वेतसंतुलन, उजेडाचे प्रमाण, कडांची तीक्ष्णता, कणकणाट कमी करणे, असे संस्कार होतात. सामान्यतः १२ किंवा १४ बिटांत नोंदलेल्या, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांच्या नोंदी शेवटी जेपेग चित्राच्या २५६ पायऱ्यांत बसवाव्या लागतात. या प्रत्येक टप्प्यावर निवड आहे, आणि जेथे निवड आहे तेथे पाठ आहे.

पूर्वावलोकन हे एकच असते असेही नाही. कॅमेरा रॉ फाइलीच्या पोटात स्वतःच्या हिशेबाने तयार केलेले एक छोटे जेपेग चित्र ठेवतो. फाइली झपाट्याने चाळण्याची साधने बहुधा तेच दाखवतात. तीच फाइल संस्करणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ते सॉफ्टवेअर आपल्या रीतीने नवे चित्र रचते, आणि क्षणभराने रंग व उजेड बदललेला दिसतो. लाइटरूमसारख्या प्रणालीत संग्रहाच्या विभागात साठवलेले पूर्वावलोकन असते, तर संस्करणाच्या विभागात ते तेथल्या तेथे गणले जाते. शेवटी चित्र बाहेर काढले म्हणजे निर्गत प्रत तयार होते. अशा रीतीने एका मूळ नोंदीचे चार पाठ अभ्यासकासमोर येतात. त्यांपैकी कोणत्या पाठावरून वाचन झाले हे टिपणात नमूद करण्याची पद्धत मात्र अद्याप रुळलेली नाही.

३

पूर्वावलोकन आणि निर्गत प्रत यांत अंतर का पडते, याचे कारण सॉफ्टवेअर रचणाऱ्यांच्या अप्रामाणिकपणात शोधणे अन्यायाचे होईल. कारण श्रमाच्या काटकसरीचे आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६,००० गुणिले ४,००० पिक्सेलांचे असते. वापरणारा एखादी कळ सरकवतो तेव्हा सर्व २ कोटी ४० लाख पिक्सेलांवर सर्व संस्कार नव्याने करीत बसले तर पडदा खोळंबून राहील. म्हणून बहुतेक प्रणाली संपूर्ण चित्र पडद्यात बसवताना ते आधी लहान करतात आणि मग त्या लहान चित्रावर संस्कार करतात. निर्गत प्रत काढताना हा क्रम उलटू शकतो : आधी पूर्ण आकारावर संस्कार, मग हवे असल्यास लघुकरण.

ही गोष्ट दडवून ठेवलेली नाही. डार्कटेबल या मुक्त प्रणालीत निर्गत प्रत काढताना उच्च दर्जाचे पुनर्मापन करण्याचा पर्याय दिलेला आहे, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत संस्करणाच्या पडद्यावरही पूर्ण आकाराची प्रक्रिया चालू करता येते. रॉथेरपी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या अनेक आवृत्त्यांत काही साधनांचा परिणाम १०० टक्के आकारातच दिसे, आणि तशी खूण त्या साधनांपाशी केलेली असे. दोष आहे तो मार्गदर्शिका न वाचता पडद्यावर विसंबणाऱ्या अभ्यासकाचा.

क्रम बदलल्याने फल बदलते, हे व्याकरणाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. कोणता नियम आधी आणि कोणता नंतर लागावा याची व्यवस्था लावण्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्रे योजली आहेत. क्रम चुकला तर त्याच धातूपासून अशुद्ध रूप सिद्ध होते. चित्रसंस्करणातही हेच घडते, आणि ते एका टिंबाच्या उदाहरणाने दाखवता येईल.

एखाद्या पोथीचे दहा इंच रुंदीचे पान चित्राच्या पूर्ण रुंदीत बसवून घेतले असे समजू. ६,००० पिक्सेल दहा इंचांत, म्हणजे इंचास ६०० आणि मिलिमीटरला सुमारे २४. लेखकाने बोरूच्या टोकाने दिलेले अर्धा मिलिमीटर व्यासाचे अनुस्वाराचे टिंब मूळ चित्रात जवळजवळ १२ पिक्सेल रुंद असेल. हे चित्र संस्करणाच्या खिडकीत हजार पिक्सेल रुंदीत बसवले की सहापट लघुकरण होते आणि टिंब २ पिक्सेलांचे उरते. आता कणकणाट घालवण्याची सर्वांत साधी रीत घ्यावी : प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ पिक्सेलांपैकी मधले मूल्य त्या पिक्सेलास द्यावयाचे. बारा पिक्सेलांच्या टिंबाला या गाळणीने काही होत नाही, कारण टिंबाच्या आतील नऊही पिक्सेल काळेच असतात. दोन गुणिले दोन पिक्सेलांचे टिंब मात्र नऊंच्या चौकटीत चारांहून अधिक जागा कधीच व्यापू शकत नाही. बहुमत कागदाचे होते आणि टिंब समूळ नाहीसे होते. आधी गाळून मग लहान केले तर टिंब राहते. आधी लहान करून मग गाळले तर जाते. मूळ नोंद तीच, संस्कार तेच, केवळ क्रम निराळा. प्रत्यक्षातील प्रणालींच्या गाळण्या याहून पुष्कळ सूक्ष्म असतात. तथापि लहान, एकाकी, गडद बिंदूकडे संशयाने पाहणे हा त्यांचा स्वभावच आहे, कारण सेन्सरच्या दोषामुळे उमटणारा बिंदूही तसाच दिसतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. कडा तीक्ष्ण करण्याचा संस्कार लहान चित्रावर जोराने केला तर जुन्या हातकागदातील काडीचा तुकडा, कसरीने पाडलेले छिद्र किंवा मागच्या पानावरील शाईचा पाझर हे सर्व ठळक होऊन शिरोरेघेवर टिंबासारखे बसतात. भाषाशास्त्राच्या परिभाषेत पहिल्या प्रकारास लोप आणि दुसऱ्यास आगम म्हणता येईल. लेखकाच्या हातून झालेले लोप व आगम हा पाठचिकित्सेचा जुना विषय आहे. पूर्वावलोकनाने झालेले लोप व आगम हा त्यात पडलेला नवा थर होय. आणि तो वेगळा काढला नाही तर यंत्राचा दोष लेखकाच्या माथी मारला जाईल.

४

एका टिंबासाठी एवढा विस्तार कशासाठी, अशी शंका येणे शक्य आहे. आजच्या मराठी लेखनाची सवय झालेल्या वाचकास ती येईलही. प्राचीन मराठीत मात्र अनुस्वार हा पुष्कळदा अक्षराचा अलंकार नसून विभक्तीचा आणि लिंगाचा वाहक आहे. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, तर ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ‘केलें’ आणि ‘केले’ यांत हाच भेद आहे. ‘राजे’ हे प्रथमेचे अनेकवचन होऊ शकते. ‘राजें’ म्हटले की तृतीया होते आणि राजा हा कर्ता ठरतो. ‘हातीं’ या रूपातील टिंब सप्तमीची खूण होय. श्रवणबेळगोळ येथील ज्या लेखाचा काळ पुष्कळ दिवस इ. स. ९८३ असा सांगितला जात असे आणि ज्याच्या काळाविषयी पुढे बराच खल झाला, त्यातील ‘चावुंडराजें’ आणि ‘करवियलें’ ही दोन रूपे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहेत. पहिल्या रूपातील अंत्य टिंब काढले तर करवणारा कोण हे सांगणारा प्रत्ययच हरवतो. दुसऱ्यातील काढले तर नपुंसकलिंगी एकवचन संशयित होते. त्या छोट्याशा वाक्याचे व्याकरण दोन टिंबांवर तोललेले आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्याची सवयही येथे विचारात घ्यावी लागते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून वगळले. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा ठरला, यात शंका नाही. महामंडळाच्या नियमावलीने केशवसुतपूर्वकालीन पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणेच छापावे अशीही तरतूद केली होती. या तरतुदीत ‘मूळ’ दिसू शकते हे गृहीत आहे. परंतु १९६२ नंतर शिकलेल्या पिढ्यांचा डोळा अंत्य टिंब शोधीत नाही. नसले तर त्याला चुकल्यासारखे वाटत नाही. ज्या अभ्यासकाच्या नजरेला टिंबाची अपेक्षा नाही त्याच्यासमोर टिंब गाळणारे पूर्वावलोकन आले, तर दोन्ही दोष एकाच दिशेने काम करतात आणि परस्परांना पाठिंबा देतात. चूक होते आणि ती झाल्याचा संशयही येत नाही. हीच या प्रश्नातील सर्वांत गंभीर बाब होय.

विदर्भाच्या संदर्भात तिचे महत्त्व अधिकच आहे. महानुभाव पंथाचे वाङ्मय हे यादवकालीन मराठी गद्याचे सर्वांत समृद्ध भांडार, आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्या पंथाचे पूज्य स्थान. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या पाठांविषयीची चर्चा अद्याप संपलेली नाही. या पंथाच्या पुष्कळ पोथ्या सकळ लिपीत आहेत. सांकेतिक लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह असते; त्यामुळे परिचित शब्दाच्या आकृतीचा जो आधार साध्या देवनागरीच्या वाचकास मिळतो तो येथे दुबळा पडतो, आणि प्रत्येक खूण स्वतंत्रपणे पाहावी लागते. अशा पोथीचे वाचन लघुकृत पूर्वावलोकनावरून करणे म्हणजे आधीच अरुंद असलेल्या वाटेवर दिवा मंद करणे होय.

५

आकारासंबंधी जे म्हटले ते रंगासंबंधीही म्हणावे लागते. मराठी पोथ्यांत रंग हा शोभेपुरता नसतो. दंड, समाप्तीची वाक्ये, प्रकरणांची नावे हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहिलेली आढळतात. आणि चुकलेले अक्षर रद्द करण्यासाठी त्यावर हरताळाचा पिवळा लेप दिलेला असतो. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत याच क्रियेतून आला. पोथीतील पिवळा डाग म्हणजे लेखकाने स्वतः दिलेली दुरुस्ती होय; ती न पाहता खालचे अक्षर वाचणे म्हणजे त्याने टाकलेला पाठ त्याच्याच नावावर पुन्हा चढविणे.

हरताळ निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा व तांबडा परत फेकते. म्हणून जुन्या पिवळसर कागदावर तिचे अस्तित्व मुख्यतः निळ्या रंगाच्या नोंदीतच दिसते. आता संस्करणाच्या प्रणालीत चित्र कृष्णधवल केले तर, नेहमीच्या प्रमाणात हिरव्या रंगास सर्वाधिक आणि निळ्यास सर्वांत कमी वजन मिळते. लेप आणि कागद एकाच करड्या छटेत मिसळतात. पान स्वच्छ दिसावे म्हणून उजेड वाढवला तर दोन्ही पांढऱ्यात विरून जातात, आणि पातळ लेपाखालचे रद्द अक्षर पुन्हा जिवंत होते. हिंगुळाची गोष्ट निराळी आहे. ते तांबडा प्रकाश जवळजवळ कागदाइतकाच परत फेकते. कृष्णधवल रूपांतरात तांबड्यास अधिक वजन दिले की काळी शाई उठावदार दिसते खरी, पण तांबडे दंड फिके होऊन नाहीसे होतात. वाक्य कोठे संपले याची खूण त्यांच्याबरोबर जाते.

यात भर पडते ती साठवलेल्या पूर्वावलोकनाच्या रचनेची. असे पूर्वावलोकन बहुधा जेपेग स्वरूपात असते, आणि त्या स्वरूपात उजेडाची नोंद पूर्ण बारकाव्याने ठेवून रंगाची नोंद मात्र पुष्कळदा निम्म्या बारकाव्याने ठेवलेली असते. मानवी डोळा रंगापेक्षा उजेडातील भेद अधिक सूक्ष्मतेने ओळखतो या तत्त्वावर ही काटकसर आधारलेली आहे, आणि निसर्गदृश्यासाठी ती उचितही आहे. एका मात्रेवर दिलेला हरताळाचा बारीक फटकारा मात्र तीत शेजारच्या अक्षरावर पसरतो. रद्द झाली ती मात्रा की सबंध अक्षर, हे अशा चित्रावरून सांगता येत नाही. रॉ फाइलीत त्याचे उत्तर बहुधा असते. पूर्वावलोकनात ते नसते.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पूर्वावलोकन ही छायाचित्रकाराची बाब आहे. अभ्यासकाच्या हाती निर्गत प्रत येते आणि ती पूर्ण आकाराची असते. हा आक्षेप वरवर योग्य वाटला तरी टिकत नाही. निर्गत प्रतीतील प्रत्येक संस्काराचे प्रमाण कोणीतरी पूर्वावलोकनाकडे पाहूनच ठरवलेले असते. कणकणाट किती घालवावा, उजेड किती वाढवावा, हे जर लघुकृत चित्राकडे पाहून ठरले असेल, तर तो निर्णय पूर्ण आकाराच्या प्रतीत जसाच्या तसा उतरतो, मात्र त्याचा परिणाम ठरवणाऱ्याने पाहिलेला नसतो. निर्गत प्रत पूर्ण आकाराची असणे आणि तिचे संस्करण पूर्ण आकारात पाहून झालेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. रॉ फाइल सुरक्षित असेल तर चूक केव्हाही सुधारता येईल. मग चिंता कशाची? रॉ संस्करणाचा खरा लाभ हाच आहे, हे मान्य केले पाहिजे. हाताने रेखाटलेली प्रतिकृती चुकली तर ती तपासण्यास पुन्हा दगडापाशीच जावे लागे. येथे मूळ नोंद अबाधित राहते आणि सर्व संस्कार वेगळ्या टिपणात लिहिले जातात. परंतु हा लाभ मिळण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. एक तर रॉ फाइल टिकली पाहिजे. आणि दुसरे म्हणजे ती मुळातच योग्य उजेडात, योग्य अंतरावरून घेतलेली पाहिजे. दुसऱ्या अटीचा निर्णय छायाचित्र घेतानाच होतो, आणि तोही पूर्वावलोकनावरूनच होतो. मठातील किंवा घरच्या देवघरातील पोथी मालक एकदाच बाहेर काढतात. तेथे छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या पाठीवरील तीन इंची पडद्याकडे पाहून ‘ठीक आले’ असे म्हणतो व पान उलटतो. अनेक कॅमेऱ्यांत त्या पडद्याची रुंदी सात-आठशे पिक्सेलांची असते. वरील उदाहरणातील बारा पिक्सेलांचे टिंब तेथे दीड पिक्सेलाचे होते. कॅमेरा उजेडाचा जो आलेख दाखवतो तोही सामान्यतः रॉ नोंदीवरून नव्हे, तर पोटातील जेपेगवरून काढलेला असतो. पोथी बांधून परत ठेवली गेली की ती पुन्हा उघडेलच याची शाश्वती नसते. पुष्कळ पोथ्यांच्या बाबतीत ते छायाचित्र हीच शेवटची नोंद ठरण्याचा संभव आहे.

पोथ्यांच्या छायाचित्रणाचे काम देशभर मोठ्या प्रमाणावर चालू असल्याने हा विचार आज विशेष अगत्याचा झाला आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याची योजना घोषित झाली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर प्राचीन मराठी ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांची अपेक्षाही वाढली आहे. या आवृत्त्यांचे संपादक पोथ्यांपेक्षा पडद्यांसमोरच अधिक काळ बसतील, हे उघड आहे.

७

उपाय अवघड नाहीत. ते संपादनशास्त्राच्या जुन्याच नियमांचे नव्या साधनाला केलेले उपयोजन आहेत. पाठभेद टिपताना वाचन १०० टक्के आकारात, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलावर ठेवूनच व्हावे. ठशाचा समाकार गुण पडद्यावर मिळवण्याचा जवळचा मार्ग तोच आहे. पोथीच्या छायाचित्रावर कणकणाट घालवण्याचे आणि पान स्वच्छ करण्याचे आपोआप होणारे संस्कार प्रथम बंद ठेवावेत आणि ते लावावेच लागले तर लावण्यापूर्वीची प्रत जवळ ठेवावी. छायाचित्र घेतानाच पानाशेजारी मोजपट्टी आणि रंगतक्ता ठेवावा, म्हणजे टिंबाचा आकार आणि हरताळाचा रंग पुढे कोणालाही पडताळता येईल. पहिले पान घेतल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबून न राहता ती फाइल जागेवरच मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात उघडून पाहावी आणि मगच पुढे जावे. रॉ फाइल, तिच्या संस्कारांचे टिपण आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक ही तिन्ही निर्गत प्रतीबरोबर संग्रहात दाखल व्हावीत. नव्या आवृत्तीत रंगपूर्तीची रीत बदलली तर जुने वाचन कशावरून झाले ते त्याशिवाय कळणार नाही.

याहून महत्त्वाची बाब नोंदीची आहे. संपादक आपल्या प्रस्तावनेत कोणत्या पोथ्या वापरल्या, त्या कोणाच्या आणि कोणत्या शकातील, हे सांगतो. त्याने यापुढे हेही सांगितले पाहिजे की पोथी प्रत्यक्ष पाहिली की छायाचित्र, आणि छायाचित्र पाहिले असल्यास ते कोणत्या रूपात. ज्या ठिकाणी अर्थ टिंबावर अवलंबून आहे आणि वाचन केवळ लघुकृत पूर्वावलोकनावरून झाले आहे, तेथे तो पाठ संशयित म्हणून चिन्हांकित व्हावा. शिलालेखाच्या संपादनात पुसट अक्षर कंसात घालण्याचा प्रघात आहे. तो ज्या प्रामाणिकपणातून आला त्याच प्रामाणिकपणाची ही मागणी होय.

फ्लीट यांनी ठशाचा आग्रह धरला तेव्हा हाताने काढलेल्या प्रतिकृती अधिक सुबक दिसत होत्या. पूर्वावलोकनही सुबक दिसते. पान उजळ असते, अक्षरे ठसठशीत असतात, डाग गेलेले असतात. अभ्यासकाला हवे असते ते त्या डागांतले टिंब. पदव्युत्तर वर्गात पोथीवाचन शिकवताना मोडीची वळणे आणि सकळ लिपीची चिन्हे यांच्याबरोबर पडद्यावरील चित्र कसे सिद्ध होते हेही शिकवले गेले, तर ते टिंब गाळणीत गेले की लेखकाने दिलेच नव्हते, हे ठरवण्याची पात्रता पुढील पिढीच्या संपादकांत येईल. ती येईपर्यंत पडद्यावरून केलेला प्रत्येक पाठनिर्णय तात्पुरता समजावा, हेच योग्य.